पिशवीवरचा लाल स्टिकर

जपानमधल्या त्सुकुबात येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत माझ्या नवऱ्यानं एकदाही कचरा बाहेर ठेवला नव्हता. कंपनीत मोठमोठ्या सिस्टिम्स सांभाळणारा माणूस, पण जळणारा कचरा कुठला नि प्लास्टिक कुठलं असं विचारलं की मोबाइलमध्ये डोकं घालतो. त्यामुळे त्या गुरुवारी सकाळी बाटल्यांची पिशवी मीच ठेवून येतो, तू बस, असं तो म्हणाला तेव्हाच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण मी वेडी, मला कौतुक वाटलं. पुण्याला फोन करून सासूबाईंना सांगायचंही ठरवून टाकलं.

बाटल्या इतक्या साठल्या त्याला कारण होतं कंपनीची वार्षिक आरोग्य तपासणी. तिची तयारी हा बारावीच्या परीक्षेसारखी करतो. अकरा महिने खारट रामेन नूडल्स, लोणचं आणि खारे दाणे, बाराव्या महिन्यात एकदम साधुसंत. मागच्या तपासणीत लघवीतल्या प्रोटीनसमोर अधिकचं चिन्ह आलं होतं आणि रक्तदाबही चढलेला होता. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. यंदा ते चिन्ह दिसू नये म्हणून महाराज आठवडाभर बाटल्याच्या बाटल्या पाणी घटाघटा पीत होते. गोळी तो घेतोच आहे, असं मी धरून चालले होते.

मी स्वतः इथल्या एका प्रयोगशाळेत बाइतो करते, म्हणजे अर्धवेळ नोकरी. उंदरांच्या किडनीचे पातळ काप काचपट्टीवर घ्यायचे, रंगवायचे आणि निळं किती पसरलंय ते बघायचं. निळं म्हणजे व्रण. किडनीला इजा झाली की पेशी डागडुजी करतात, ते बरंच आहे. पण कधी कधी इजा थांबली तरी डागडुजी थांबत नाही, व्रण पसरतच जातो आणि किडनीचं काम बंद पडत जातं. आमचे सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक, सांगतात, त्याचं एक कारण असं की 'आता पुरे' म्हणणाऱ्या जनुकावर एक बारीक रासायनिक ठिपका येऊन बसतो. जनुक तेच, त्यातलं एक अक्षरही बदललेलं नसतं, फक्त पेशी ते वाचेनाशी होते. याला एपिजेनेटिक बदल म्हणतात.

हे सगळं मी नवऱ्याला चहाबरोबर शंभरदा ऐकवलं होतं. त्याचं एकच पालुपद, आमच्या घराण्यातच आहे ते, बाबांना झालं, मलाही होणार. आम्ही इथे येण्याआधी, पुण्यात, सासऱ्यांची शेवटची चार वर्षं डायलिसिसवर गेली. त्यांना आठवड्यातून तीनदा न्यायचं-आणायचं काम यानंच केलेलं. तो विषय निघाला की मी चहाचे कप उचलायचे.

तर पिशवी गेली आणि तासाभरात दारावरची बेल वाजली. कचऱ्याच्या जागेवर लक्ष ठेवणाऱ्या शेजारच्या आजीबाई आमची पिशवी दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. नवऱ्याला ती ठेवताना त्यांनी पाहिलं होतं. पिशवीवर लाल स्टिकर, वर्गीकरण चुकलंय, उचलता येणार नाही. आधी त्यांनीच माझी माफी मागितली आणि वाकल्या, म्हणून मी वाकले, म्हणून त्या परत वाकल्या. बाटल्यांची लेबलं काढली नव्हती, झाकणंही तशीच होती. मग त्यांनी पारदर्शक पिशवीच्या तळाकडे हळूच बोट दाखवलं. तिथे रक्तदाबाच्या गोळ्यांच्या स्ट्रिप होत्या, ढीगभर. त्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती.

नवरा आत घरूनच काम करत होता, कॅमेऱ्यासमोर माना डोलवत. त्याची मीटिंग संपेपर्यंत मी थांबले, एवढे संस्कार आहेत माझ्यावर. मग पिशवी त्याच्या टेबलावर उपडी केली. वर्षभर लॅपटॉपच्या बॅगेत दडवलेल्या गोळ्या माझ्या हाती लागू नयेत म्हणून त्यानं त्या बाटल्यांखाली कोंबल्या होत्या. नीट वेगळ्या करून टाकल्या असत्या तर कदाचित पचलंही असतं, पण त्यासाठी कचरा कळावा लागतो. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या सात पिढ्या निघाल्या आणि शेवटी मलाच रडू फुटलं.

त्यानं विखुरलेल्या स्ट्रिप एकावर एक रचल्या. मग म्हणाला, "एकदा गोळी सुरू झाली की सुटत नाही गं. बाबांचंही एका गोळीपासूनच सुरू झालं होतं."

मी त्याला आळशी समजत होते आणि तो वर्षभर घाबरून बसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दिवसभर उंदरांचे व्रण न्याहाळणाऱ्या बाईनं घरातली एक स्ट्रिप कधी उलटून पाहिली नव्हती. मला माझीच भयंकर लाज वाटली.

त्यानं एक बाटली उचलली आणि नखानं लेबल खरवडत विचारलं, "तुमचे ते ठिपके निघतात का?"

"उंदरांत थोडेफार निघतात. माणसांत निघतील की नाही, अजून माहीत नाही," मी म्हटलं. "पण रक्तदाब आटोक्यात ठेवला तर किडनीला नवी इजा कमी होते. तेवढं आपल्या हातात आहे."

लेबल अर्धवट फाटलं, गोंद बाटलीलाच राहिला. त्यानं माझ्या गार झालेल्या चहाचा कप ओढला आणि पहिली गोळी घेतली.

पुढे तपासणीचा निकाल आला. एवढं पाणी पिऊनही प्रोटीनसमोर अधिकची चिन्हं आता एकाची दोन. तो कागद या खेपेस त्यानं स्वतः माझ्यासमोर ठेवला आणि किडनीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आता गुरुवारच्या बाटल्या त्याच्याकडे असतात आणि आजीबाई त्याला लेबलं काढायला शिकवतात. मी रोज सकाळी आधी त्याची स्ट्रिप बघते आणि मग उंदरांच्या किडन्या.