कोन्ता टिकते, ते सांगा

डोणगावात लॅपटॉप विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान टाकून मला बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकानं स्पीड विचारल्याचं आठवत नाही. प्रश्न एकच, "कोन्ता टिकते, ते सांगा." याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. किस्से मात्र इतके साचलेत की कोणाला तरी सांगितल्याशिवाय डोकं हलकं होणार नाही. कंपन्यांची नावं घेणार नाही, उद्या त्यांचाच माल विकायचा आहे.

आधी एक सांगतो. आमच्याकडे कोणतीही वस्तू कपाशीच्या बियाण्यासारखी घेतात. बीटी आल्यापासून दर मृगाला नव्या नावाची पाकिटं येतात, कंपनीवाले छातीठोक बोलतात, आणि दिवाळीनंतर बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. माणसांचा विश्वास उडाला, ते बरोबरच आहे. पण त्याचा राग माझ्या काउंटरवर कशासाठी?

*

एक जण आला. म्हणाला, "मागच्या साली माह्या साळ्यानं याच कंपनीचा नेला. मस्त चालून राह्यला. मले त्याच लॉटमधला पाह्यजे."

"भाऊ, याच्यात लॉट पाहत नसतात."

"नसतात कसे? खोका दाखवा."

त्यानं खोक्यावरचा नंबर शोधला, साळ्याला फोन लावला, त्याला माळ्यावरून रिकामा खोका काढायला लावला आणि एकेक आकडा जुळवून पाहिला. शेवटचे चार जुळेनात. त्यानं खोका माझ्याकडे सरकवला. "मिसळ माल हाय तुमचा," म्हणाला आणि गेला. अर्धा दिवस गेला माझा!

*

दुसरबीडचा संतोष पीकविम्याचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. त्याचा लॅपटॉप सहाव्या महिन्यात बंद पडला. मी वॉरंटी कार्ड मागितलं.

"ते लहान्या पाकिटात होतं."

"मंग पाकीट कुठी हाय?"

"फेकलं."

"फेकलं काऊन बे?"

"बियाण्यातली लहान पुडी कोन लावते?"

बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीची एक लहान पुडी येते. ती वावराच्या कडेनं लावायची असते, म्हणजे अळीला बीटी पचवायची सवय लवकर लागत नाही. पण सगळ्यांनी ती वर्षानुवर्षं बांधावर भिरकावली. संतोषला चार शब्द सुनावणार होतो, पण आमच्या घरच्या वावरात मीही तेच केलंय.

*

दुरुस्तीचं काम रफीकभाई बघतात. त्यांचे वडील गावोगाव फिरून गाद्यांचा कापूस पिंजायचे. एकदा कापसाच्या जिनिंगमधले मुनीमजी तापलेला लॅपटॉप घेऊन आले. "रद्दी कंपनी हाय. दुसरी कोन्ती टिकते?"

रफीकभाईंनी मागचं झाकण उघडलं. पंख्यात रुई ठासून भरलेली. चिमट्यानं काढता काढता टेबलावर चांगला ढीग झाला.

"मुनीमजी, कंपनी काय करेल याच्यात?" रफीकभाई म्हणाले. "माहा बाप गाद्या पिंजत होता, मी लॅपटॉप पिंजून राह्यलो."

मुनीमजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "ते ठीक हाय. पन कोन्ती टिकते?"

*

हिवरा आश्रमाकडच्या एका काकांनी तर कमाल केली. लॅपटॉप उपरण्यात बांधून आणला आणि सोबत एक कागद. बियाणं उगवलं नाही की आमच्याकडे पंचनामा करतात. काकांनी लॅपटॉपचा केला होता. "पंचांसमक्ष झाकण उघडले असता पडदा काळा आढळून आला. नुकसान शंभर टक्के." खाली चार सह्या, एक अंगठा.

मी चार्जर लावला. लॅपटॉप सुरू झाला. बॅटरी उतरली होती, दुसरं काही नाही.

काका खुश होतील असं वाटलं होतं. ते कागदाकडे बघत बसले. "आता पंचाइले काय सांगू?"

*

आणि प्रल्हादभाऊ. पाच एकर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, कास्तकार. मोठी मुलगी सविता, तिचा खामगावला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला नंबर लागला होता.

"आमच्या भावकीत शिकाले बाहेर जानारी पह्यली पोरगी हाय," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा घेनं होत नाही माह्याच्यानं. यानं मधातच दगा देला, तं पोरगी अर्ध्यातून वापस येईन. तीन वर्ष टिकन असा सांगा."

मी त्याला एक नवा दाखवला. तोच मी त्या वर्षी सगळ्यांना खपवत होतो. त्यानं हातसुद्धा लावला नाही. चार आठवडी बाजारांना तो येऊन स्टुलावर बसला आणि नुसता बघत राहिला. चौथ्या बाजाराला माझं डोकं सटकलं.

"प्रल्हादभाऊ, माल त्या फळीवर हाय. इकडे काय पाहून राह्यले?"

त्यानं माझ्यासमोरच्या लॅपटॉपवर बोट ठेवलं. तो माझा स्वतःचा, सहा वर्षांचा. दोन बटणं गेलेली, बिजागरी रफीकभाईंनी तांब्याच्या तारेनं बांधलेली.

"हा द्या."

"हा माहा हाय. विकाचा नाही."

"म्हनूनच तं. कृषी केंद्रवाला पाकीट कोन्तंबी दाखोवते. मी त्याच्या वावरात जाऊन पाह्यतो, त्यानं सोता काय लावलं."

मी खूप समजावलं. शेवटी त्यानं फळीवरचा नवा विकत घेतला, माझ्यापुढे ठेवला आणि माझा जुना पिशवीत घातला. "हा नवा तुमी वापरा." मागे रफीकभाई तोंडावर फडकं धरून हसत होते. मला राग आला आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. इतक्या जणांच्या गळ्यात मारलेला माल मी स्वतः एक दिवसही वापरला नव्हता.

नवा आठव्या महिन्यात गेला. रफीकभाईंनी उघडून पाहिला आणि झाकण लावून माझ्याकडे परत सरकवला. मग मी कुठल्याशा ऑफिसातून निघालेला एक जाडजूड जुना लॅपटॉप आणला आणि त्यावरच काम करायला लागलो.

सविता दर सुटीत दुकानात यायची. ती दारात दिसली की लॅपटॉप बंदच पडला असं वाटायचं. ती पंखा साफ करून घ्यायची, "चालून राह्यला काका," म्हणायची आणि जायची. अशी तीन वर्षं गेली. ती पास झाली, जालन्याला नोकरीला लागली.

परवा बाजारच्या दिवशी प्रल्हादभाऊ पुन्हा आला. "लहानीचा नंबर लागला," म्हणाला आणि स्टुलावर बसला.

मी घाईघाईनं टेबलावरच्या माझ्या त्या जाडजूड लॅपटॉपवर फडकं टाकलं.

"झाकू नका," तो म्हणाला. "पाह्यला म्या."