आईनं मागच्या सीटचा बेल्ट ओढला

तुमसरवाल्यांनो, दुपारपासून डोकं सुन्न आहे माझं.

रोज नाकाडोंगरीले बाईकनं ड्युटीवर जाऊन जाऊन पाठ गेली, म्हणून जुनी कार पाहून राहिलो होतो. लहान इंजिनची, इन्शुरन्स स्वस्त पडेल अशी. आज एका डीलरकडे पांढरी गाडी दिसली. एकदम चकाचक! मी म्हटलं, "फुल इन्शुरन्स काढून द्या."

तो हसला. "कायले भाऊ? जुन्या गाडीले थर्ड पार्टी पुरते. स्वस्तात काम होते."

मले पटलं. आई तर पूजेचा नारळ घेऊनच आली होती. चक्कर मारून पाहू म्हणून ती मागं बसली. पुण्याले ताईकडे राहून आल्यापासून तिले बेल्टची सवय आहे. तिनं बेल्ट ओढला, तो अडकला. जोरात खेचला, अन् तिच्या लुगड्यावर वाळलेला चिखल सांडला. वीतभर पट्टा गाळानं माखलेला!

"बाबू, ही गाडी पुरात बुडलेली आहे रे!"

मी डीलरकडे पाहिलं. तो काय म्हणते? "मागचा बेल्ट कोणी ओढते काय, काकूजी?"

तेव्हा समजलं, त्याले फुल इन्शुरन्स काहून नको होता. फुल काढला असता तर कंपनीचा माणूस गाडी तपासाले आला असता ना! थर्ड पार्टीले कोणी गाडी पाहत नाही.

नारळ घेऊन आम्ही वापस निघालो. मागं वळून पाहिलं, तर तो बेल्ट झटकून पुन्हा आत सोडून राहिला होता.

आता सांगा, पुढच्या गिऱ्हाइकाची आई बेल्ट लावते काय?