तिघांत एक लबाड

काहीही न करता सतत कामात बुडालेला माणूस बघायचा असेल, तर पुनावळ्याला आमच्या घरी यावं. माझ्या धाकट्या दिरांसारखा नमुना अख्ख्या पिंपरी-चिंचवडात सापडायचा नाही. भाऊजी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि सात वर्षं पीएचडीसाठी ब्लॉकचेनवर एक पेपर लिहितायत. एकमेकांवर विश्वास नसलेल्या कॉम्प्युटरांचं एकमत कसं होतं, हा विषय. कधीही विचारा, उत्तर एकच, "वहिनी, ऐंशी टक्के झालाय." मी चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या लाइनवर असा अडकलेला जॉब आला असता, तर लाल टॅग लावून केव्हाच भंगारात टाकला असता. भाऊजी आधी टेबल पुसतात, मग चष्मा, मग पेपराचं नाव बदलतात आणि दमून चहा मागतात. सासूबाई होत्या तोवर रोज विचारायच्या, "कुठवर आलं रे?" सातवी शिकलेल्या त्या बाईला भाऊजी पानं वाचून दाखवत, मराठीत समजावत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि हा उद्योगही थांबला.

विद्वत्ता मात्र वाहत असते. सोसायटीच्या सभेत टँकरची वेळ ठरत होती. भाऊजी उठून म्हणाले, "एक तृतीयांशापेक्षा कमी सभासद लबाड असले, तरी निर्णय बरोबर येऊ शकतो."

तळमजल्यावरचे गॅरेजवाले शेखभाई म्हणाले, "राव, पहिले लबाड कोण ते सांगा. टँकरचं मग बघू."

त्यावर दोन तास भांडणं झाली. टँकर दारातून परत गेला.

मला समजावताना भाऊजी एकदा म्हणाले, "तिघांत एक लबाड असला आणि त्यानं दोघांना वेगवेगळं सांगितलं, तर एकमत होतच नाही. चार लागतात." याचं प्रात्यक्षिकही त्यांनीच दिलं. शनिवारपर्यंत पेपर गेला नाही, तर पीएचडीची नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात, अशी वेळ आली. त्यांनी ह्यांना सांगितलं "पाठवला", मला सांगितलं "ऐंशी टक्के". कुणी चुकीचं ऐकलं, यावर आम्ही नवरा-बायको आठवडाभर भांडलो.

शनिवारी सकाळी झाडू घेऊन मी त्यांच्या खोलीत शिरले. पेपर समोर पडद्यावर होता, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलेला.

"हा तर पूर्ण झालाय!"

"केव्हाच," ते खाली बघत म्हणाले. "आईला ऐंशी टक्केच ऐकवून झाला होता."

असलं बोलणं ऐकलं की माझं डोकं फिरतं. सात वर्षांची मेहनत आणि हा गृहस्थ आईला न ऐकवलेल्या दोन पानांसाठी अडून बसलेला! झाडू भिंतीला टेकवून मी पलंगावर बसले. "वाचा. आणि मराठीत सांगा."

ते वाचत गेले. बरंचसं डोक्यावरून गेलं. शेवटी मी विचारलं, "मग ते लबाड सापडतात का?"

"सापडायलाच हवेत असं नाही, वहिनी. त्यांच्यासकट सगळ्यांचं नीट चालावं, एवढंच बघायचं."

"पाठवा आता."

त्यांनी माझ्यादेखत बटण दाबलं. तेवढ्यात बाहेरून ह्यांनी हाक मारली, "पाठवलास का रे?"

"पाठवला, दादा."

हे दारात येऊन माझ्याकडे बघायला लागले.

"पाठवलाय," मी म्हटलं.

चौथं विचारायला घरात कुणी उरलं नव्हतं. आमच्या दोघांच्या शब्दावर ह्यांनी भागवून घेतलं.