सुमीचा आखूड पाय

माझी थोरली लेक सुमी काल गेली. मला विचारलं पण नाही.

मला अक्षर येत नाही. मी बोलतीय, सुमीची लेक टाइप करतीय. ती रडतीय पण, तेव्हा चुका तिच्या.

अख्ख्या चाळीत ती ‘लंगडी सुमी’. का लंगडी, ते आता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. सुमी बारा वर्षांची. पंचमीला पोरींनी लिंबाला झोका बांधला. ही उभ्यानं चढवायची, कुणाचं ऐकेल तर शपथ.

पडली. उठली. हसली पण.

मग लंगडायला लागली.

“आई, गुडघा दुखतोय गं.”

गुडघा म्हटल्यावर माणूस गुडघाच बघणार की! चाळीतली एकेक बाई आली आणि आपापला लेप थापून गेली. आंबेहळद काय, निरगुडीचा पाला काय. फक्त फोडणी द्यायची बाकी होती.

एका सकाळी उंबरा ओलांडताना सुमी खालीच बसली. पाऊल बाहेरच्या अंगाला फिरलेलं. ओरडणं ऐकवत नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, “बाई, गुडघा ठणठणीत आहे. मोडलंय वर, खुब्यात.”

“आन् दुखतंय खाली?”

“यात तसंच होतं. मांडीच्या हाडाला वर गोल डोकं असतं. वाढत्या पोरांत त्या डोक्याखाली एक कच्चा थर असतो, तिथनं हाड वाढतं. त्या थरावरनं डोकं सरकलंय. खिळा मारून धरून ठेवावं लागेल.”

“खिळा? चौकटीला मारत्यात तसला?”

“जवळजवळ तसलाच.”

आमचे हे मिलची शिफ्ट टाकून आलेले. एवढंच म्हणाले, “पाय वाढंल न्हवं, सायेब?”

“तो थर आता बंद होणार. पाय मागं राहील. किती, ते थांबून बघायचं.”

थांबलो. दुसरं काय करणार?

खिळ्याचा पाय मागं पडत गेला. चांगला पाय आपला वाढतोय, वाढतोय.

लेकीचा पाय वाढतोय म्हणून कुठली आई रडते? मी रडले. देवाला म्हटलं, ह्याला पण थांबीव. तो कुठला ऐकतोय.

दर दिवाळीला नवा परकर एका बाजूनं जमिनीला टेकायचा. मी तेवढीच बाजू दुमडून टाके घालायची.

एकदा म्हणाली, “आई, सरळ शिव की. चालल्यावर कळतंयच समद्यास्नी.”

तुमचं पोर लंगडत असेल आणि गुडघा दुखतो म्हणत असेल, तर डॉक्टरला खुबा पण बघायला लावा. लेप कुठं पळून जात नाही.

काल तिला निजवल्यावर बायका पायांचे अंगठे बांधायला बसल्या.

जुळेनात.

एकीनं आखूड पाय धरून ओढला.

मी म्हटलं, “वढू नगंस बाई. तेवढाच हाय त्यो.”

मग त्यांनी दोरा लांब घेतला.

जा सुमे. सावकाश जा.

तुझ्या दोन्ही पायांना आईचा नमस्कार.