उपराष्ट्रपतींची जागा आणि आमचे दाजी

आमच्या दाजींइतका संशयी माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा नाही. आणि असलाच, तर तो आपल्या पाळतीवर आहे अशी दाजींची खात्री आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. तालुक्याच्या कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर बसून त्यांनी तीस वर्षं लोकांच्या बदल्यांचे हुकूम टाइप केले आणि निवृत्त होऊन केदारखेड्याला आले, ते हा स्वभाव बरोबर घेऊनच. दूधवाल्यानं दूध पातळ आणलं तर ते काही बोलत नाहीत, कारण ते अपेक्षितच असतं. घट्ट आणलं की मात्र विचारतात, "आज घट्ट कामून? मंग इतके दिस काय केल्तं यानं?" पाहुणे आले तर का आले, आणि आले नाहीत तर त्यांना कोणी अडवलं, या दोन्हींचा तपास होतो. मी धावड्याच्या शाळेत मास्तर. रविवारी बहिणीला भेटायला जातो, तर दारातच प्रश्न येतो, "कोनी पाठवलं?" मी आपला म्हणतो, "कोनी न्हाई दाजी, असाच आलो." 'असाच' या शब्दावर त्यांचा बिलकुल भरवसा नाही.

असा माणूस बुद्धविहार समितीचा उपाध्यक्ष कसा झाला, हे विचारू नका. पण वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने विहारात रोज संध्याकाळी जे धम्मग्रंथाचं वाचन होतं, ते गेली अकरा वर्षं दाजीच करत आले होते. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. आमच्याकडे रीत अशी की आषाढी पौर्णिमेला ज्यानं वाचायला घेतलं, त्यानंच आश्विनी पौर्णिमेला ग्रंथ मिटायचा. मध्ये खंड पडू द्यायचा नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र दाजींच्या छातीतली एक झडप कुरकुरायला लागली. जालन्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, लवकर करा म्हणून बजावलं. दाजी म्हणाले, "वर्षावास संपू द्या." अक्का तेव्हापासून नीट जेवत नव्हती.

आणि नेमकं त्याच दिवसांत देशाच्या उपराष्ट्रपतींनी, मुदत शिल्लक असताना, प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला. झालं! दाजींना दुसरं काही सुचेना. मी रविवारी गेलो तर टीव्ही समोर चालू, आवाज बंद, आणि दाजी पुढे वाकून तोंडं निरखून बघत होते. आवाज का बंद, तर बोलण्यात माणूस फसवतो, तोंडावर फसवता येत नाही. मला म्हणाले, "तब्येत? अवो मास्तर, तीस वर्षं हुकूम टाइप केलेत मी. जागा आधी रिकामी होत न्हाई. येनाऱ्याचा हुकूम आधी टाइप होतो, मंग जानाऱ्याची तब्येत बिघडते." मग त्यांनी वही काढली. बदलीच्या प्रस्तावासारखे रकाने आखलेले होते: नाव, सध्याची जागा, मूळ जिल्हा, शिफारस कोणाची, शेरा. अकरा उमेदवार. एका राज्यपालांच्या नावापुढे ठसठशीत खूण होती. मी कारण विचारलं. "पंधरा दिसांत दोनदा दिल्लीला गेल्ता. एकदा गेला त काम असंल. दोनदा गेला मंजी कोटाचं माप द्यायला." एका बाईंचं नाव होतं, कारण त्या आठवडाभर टीव्हीवर दिसल्या नव्हत्या. एका गृहस्थांचं नाव केवळ ते फार हसत होते म्हणून खोडलं होतं.

त्यांना सगळ्यात खटकलं ते वेगळंच. "मास्तर, चार्ज कोनाकडं दिला? चार्ज दिल्याबिगर साधा शिपाईबी जागा सोडत न्हाई!" मी सांगितलं की घटनेत प्रभारी उपराष्ट्रपती अशी तरतूदच नाही, नवीन निवड होईपर्यंत सभागृहाचं काम उपसभापती चालवतात, बाकी जागा रिकामीच राहते. दुसऱ्या कोणत्या कायद्यात असं असतं तर दाजींनी त्या कायद्यामागे कोण आहे ते शोधलं असतं. पण घटना म्हटल्यावर त्यांनी भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीकडे पाहून हात जोडले. "लिवनाऱ्यानं इचार करूनच ठिवलं असंल," म्हणाले. संशय न घेतलेली त्यांची ही एकच गोष्ट मला ठाऊक आहे.

पण या प्रकरणानं घरात भलताच घोळ केला. दाजींनी त्यातून धडा घेतला, की आपल्याला कोणी 'तब्येत जपा' म्हटलं की त्याचा आपल्या जागेवर डोळा आहे. समितीचे अध्यक्ष बिचारे काळजीनं विचारायला आले, "दम कसा हाय आता?" ते वळल्याबरोबर दाजी कुजबुजले, "बघितलं? तब्येतीपासूनच सुरू केलं." वहीच्या मागच्या पानावर दुसरी यादी तयार झाली. वाचनासाठी आपल्या जागी कोण येऊ शकतो! त्यात अध्यक्ष होते, शेजारचे निवृत्त तलाठी होते, आणि पहिल्या क्रमांकावर मी होतो. शेरा होता, 'आवाज बरा. दर रविवारी विनाकारण येतो.' मला हसू आलं आणि रागही आला. तिथे माझी बहीण रोज त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसायची, आणि हे गृहस्थ गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून तपासत होते.

ऑगस्टातल्या एका रविवारी वाचताना त्यांचा दम वाक्याच्या मध्येच संपला. तीनदा पाणी प्यायले. पान संपवलं, उठू लागले आणि खांबाला धरून तसेच उभे राहिले. मी रात्री तिथेच राहिलो. सकाळी पायांना ही सूज! जालन्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजच्या आज संभाजीनगरला न्या. गाडी दारात आली तरी दाजी बाजेवरून हलेनात. "मी गेलो त वाचन तुटंल. आन नाई तुटलं, त कोनीतरी माझ्या जागी बसंल." म्हणजे दोन्हीकडून मरण. शेवटी त्यांनी फडक्यात बांधलेला ग्रंथ माझ्यापुढे केला. "घ्या मास्तर. तुमच्याच व्हतं मनात."

मी काही बोलायच्या आत अक्का आतून आली. पदराला हात पुसत म्हणाली, "मी वाचीन."

"तू?" दाजी म्हणाले.

अक्का चौथी शिकलेली. पण अकरा वर्षं दाजी दुपारी घरी मोठ्यानं तयारी करायचे आणि ती समोर डाळ निवडत ऐकायची. त्या वर्षी दाजी दुपारचे आडवे व्हायला लागले, तेव्हापासून तीच त्या दिवसाचं पान काढून हळू आवाजात वाचून बघत होती. ग्रंथातली खूण रोज हलते, हे दाजींच्या लक्षात आलं होतं. त्याचा आळ त्यांनी समितीवर घेतला होता. आता त्यांनी वही उघडली. पुढची यादी बघितली, मागची बघितली. "तुझं नाव तं कुठंच न्हाई," ते म्हणाले. फाइलमध्ये स्वतःचीच चूक सापडल्यावर कारकून बोलतो तसा आवाज होता.

"नावाचं काय करायचं? वाचायचंच तं हाय," अक्का म्हणाली. "तुमी जा जल्दी. चांगले होऊन या. मी येत न्हाई म्हून वाईट वाटून घेऊ नका, मी आले तं वाचन कोन करंल?" एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं.

संध्याकाळी दवाखान्यात मी विहारातल्या एकाला फोन लावला आणि दाजींच्या कानाशी धरला. अक्का वाचत होती. अडखळत, ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्या माणसाचं वाचन. दाजींचं बोटही चादरीवर सरकत होतं. एका शब्दाला ती थांबली, तो यांनी इकडे हळूच पुरा केला.

ऑपरेशन पार पडलं. दाजी अजून अंथरुणावरच होते तेव्हा नवे उपराष्ट्रपती निवडून आले. मी आपण होऊन नाव सांगितलं. ते यादीत नव्हतं. दाजी नुसतं "बराबर" म्हणाले. आश्विनी पौर्णिमेला ग्रंथ अक्कानंच मिटला. दाजी घरी आले, हिंडू-फिरू लागले, पण तो आवाज काही परत आला नाही. दोन वाक्यांत बसतो. मला त्या आवाजाची फार आठवण येते.

यंदाही अक्काच वाचते आहे. मागच्या रविवारी वाचन झाल्यावर आम्ही घराकडे निघालो. अक्का ग्रंथ घेऊन बायकांबरोबर पुढे गेली होती. दाजी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू चालत होते. मध्येच थांबले.

"मास्तर, अकरा वर्षं मी वाचलं. माझं सारं ध्यान लोकांवर. कोन जांभई देऊन राह्यलं, कोन उठून गेलं." त्यांनी दम घेतला. "आता बसून ऐकतो. त्यात लय चांगलं लिवलंय, मास्तर. मी वाचत व्हतो तवा मला ठावंच नव्हतं."