लाल चिंधीचा नवरा

आमच्या शेतातली वांगी अमरावतीच्या भाजीबाजारात जातात. लिलावात सगळ्यांचे कट्टे, म्हणजे पोती, सारखेच दिसतात, म्हणून आम्ही आपल्या कट्ट्याच्या तोंडाला लाल चिंधी बांधतो. लग्न होऊन आले तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे आणि आजवर आमचा एक कट्टा कुणाच्या गाडीत चुकून गेलेला नाही. त्यामुळे मुलाने आम्हा दोघांना मालवणला समुद्राखाली उतरवायचं ठरवलं, तेव्हा सामान कोणत्या रंगाचं घ्यावं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मला पोहता येत नाही. तिथली माणसं धरून नेतात, हे मुलाने दहादा सांगितलं. पण मला भीती बुडण्याची नव्हतीच. आमचे हे बडनेऱ्याच्या फलाटावर पाण्याची बाटली भरायला उतरले तरी सापडत नाहीत. समुद्रात कुठे शोधायचे?

डोळ्यांवरचे मास्क आणि पायात घालायचे रबरी पंख घरूनच न्यायचे ठरलं. अकोल्याची नणंद फोनवर म्हणाली, "वयनी, काळं घे. बारीक दिसशीन." ह्यांचं म्हणणं, "रंगानं का होते? माशाईले थोडीच दाखवाचं हाये!" मी दोघांचंही सगळं लाल मागवलं. शिवाय बोटीत बसल्यावर ह्यांच्या मनगटाला लाल चिंधी घट्ट बांधली. हे पोळ्याच्या बैलासारखे दिसत होते, पण लांबून ओळखू येत होते.

खाली गेलो आणि लाल रंगच नाहीसा झाला. माझे स्वतःचे पंख भरताला भाजलेल्या वांग्यासारखे काळपट दिसायला लागले. समोर तीन माणसं, तिन्ही काळी, तिघांच्या तोंडात नळी. मी खरंच घाबरले. एकाच्या मनगटाला काहीतरी बांधलेलं दिसलं, पोटही ओळखीचं वाटलं. मी झडप घालून त्याचा हात धरला, आणि मग भीतीचा राग झाला. तोंडात नळी असल्यामुळे हातवारे करूनच बजावलं: इथेच राहायचं, हलायचं नाही, मासे नंतर बघा. तो प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होता. मला तिथेच शंका यायला हवी होती.

वर आल्यावर त्याने मास्क काढला. भलताच माणूस, मनगटाला रुमाल. बोटीतून त्याची बायको माझ्याकडे बघत होती.

"काकी, पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी जातो," आम्हाला नेणारा ट्रेनर म्हणाला. "पिवळं आणायचं होतं."

मला काही ऐकू येत नव्हतं. आपला माणूस खालीच राहिला, एवढंच डोक्यात होतं आणि डोळे भरून आले होते. तेवढ्यात बोटीच्या दुसऱ्या बाजूने हे वर आले, मजेत.

"कुठी होते तुमी?"

"तुह्या मांगंच होतो. तुले तं मी बिनारंगाचंच ओळखलं. तुह्या हाताचं बोट नाचून राहिलं होतं न!"

"मंग जवळ काहून नाही आले?"

"तू त्याले झापून राहिली होती," हे म्हणाले. "इतक्या वर्षांत पयल्यांदा दुसऱ्याचा नंबर लागला. म्हटलं, जरा निवांत पाहू द्या."