कालचा हिरवा, आजचा हिरवा

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी बाबा माझा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून आमच्या लालबागच्या चाळीच्या गॅलरीत उभे होते. उजेडाकडे तोंड करून... आणि स्क्रीनवर अर्थातच काही दिसत नव्हतं.

शेजारच्या माईंनी विचारलं, "काय ओ, विकायला काढलात काय?" बाबा शांतपणे म्हणाले, "रंग बघतोय."

मी परळच्या एका छोट्या संस्थेत काम करते. सॅटेलाइटच्या चित्रांत किनाऱ्याच्या पाण्याचा रंग बघायचा आणि खाडीत मासे, शिंपले पाळणाऱ्यांना वेळेत सावध करायचं, हे आमचं काम. पाण्यात बारीक शेवाळ एकदम वाढलं की पाणी हिरवं, दाट होतं, त्यातला प्राणवायू संपतो. मासा निदान पळायला बघतो. दोरीला लटकलेला शिंपला कुठे जाणार...

माझी आत्या सिंधुदुर्गात खाडीत शिनाणे पाळते. शिनाणे म्हणजे हिरव्या कडेचे शिंपले. गावातल्या नऊ बायका मिळून बांबूचे तराफे बांधतात आणि खाली दोऱ्या सोडतात. मिलचा संप लांबला तेव्हा खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून आजोबांनी तिला लहानपणीच गावी पाठवलं. ती तिकडचीच झाली.

गेल्या वर्षी मीच तिला फोन करून सांगितलं होतं, शेवाळ येतंय, माल काढा. बायकांनी अर्धवट वाढलेला माल घाईघाईने काढला... आणि शेवाळ काही आलंच नाही. बारीक शिनाणे कोणी घेईना. तेव्हापासून गावात माझं नाव 'सॅटेलाइट' पडलंय. कौतुकाने नव्हे.

म्हणून त्या रविवारी मी लॅपटॉप उघडून नुसती बसून होते. ताज्या चित्रात दूर समुद्रात एक गडद डाग होता, पण आत्याच्या खाडीचं तोंड फिकट दिसत होतं. गेल्या वर्षी याहून कितीतरी हिरवं दिसूनही काही झालं नव्हतं. मग यंदा फोन करायचा कशाला? आणि नाही केला आणि ते आत शिरलं तर? शिनाणे काढणीला जेमतेम दहा दिवस उरले होते...

बाबा मागे येऊन उभे राहिले. ते संपाआधी मिलच्या रंगखात्यात होते. कापडाची शेड नमुन्याशी जुळते का, हे नजरेने बघायचं काम. संपात ते गेलं, मग प्रभादेवीच्या एका सोसायटीत वॉचमन. मिलबद्दल ते घरात सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "ट्यूबलाइटखाली रंग बघतस? उजेडात बघूक व्हया." आणि लॅपटॉप उचलून थेट गॅलरीत...

मी हसतच त्यांना आत आणलं. स्क्रीनला स्वतःचाच उजेड असतो, हे समजावलं. मग त्यांनी दोन्ही वर्षांची चित्रं शेजारी शेजारी लावायला सांगितली. बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, "गेल्या वर्षीचो हिरवो नि आजचो हिरवो, दोन्ही एकाच नमुन्याशी लावलंस काय?"

मला कळेना. तेव्हा म्हणाले, "नमुनो बदललो की शेडीक अर्थ नाय. आमच्याकडे नमुन्याची चिंधी कपाटात कुलपात असायची. रोज तीच."

मी रंगांची सेटिंग उघडून पाहिली. आमचं सॉफ्टवेअर रंग त्या त्या चित्रापुरते ठरवतं. चित्रात जिथे शेवाळ सगळ्यात जास्त, तिथे गडद हिरवं. गेल्या वर्षी सगळंच पाणी स्वच्छ होतं, म्हणून एवढंसं शेवाळही गडद दिसलं. यंदा दूरचा तो डाग इतका दाट होता की त्याच्यापुढे खाडीचं तोंड फिकं पडलं. घरातली पहिली पदवीधर मी... आणि दोन वर्षं रोज ही चित्रं बघत होते.

सगळ्या चित्रांना रंगांची एकच पट्टी लावली. गेल्या वर्षीचं जवळजवळ निळं झालं. आजचं हिरवं खाडीच्या तोंडाशी येऊन ठेपलं होतं, आणि तीन दिवसांची चित्रं ओळीने लावल्यावर ते आत सरकताना दिसत होतं.

आत्याला फोन केला. माझी चूकही सांगितली. ती म्हणाली, "गो बाय, मी आयकतलंय. पण बायका माकाच खाडीत बुडवतली."

बाबांनी फोन घेतला. "अगो, मी बघलंय. खराच आसा. काढा."

"दादा, तू बघलंस?" एवढंच विचारलं आत्याने...

दोन दिवसांत सहाजणींनी माल काढला. तिघी थांबल्या. त्यांना दोष कसा देऊ? माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मीच त्यांना गेल्या वर्षी शिकवलं होतं. चौथ्या दिवशी खाडीचं पाणी हिरवं झालं आणि त्या तिघींच्या दोऱ्यांवरचं बरंचसं गेलं. सहाजणींनी त्यांना आपल्या मालाच्या वाटणीत धरून घेतलं, हे आत्याने मला सहज, बोलता बोलता सांगितलं.

आता आमच्या ऑफिसात सगळ्या खाड्यांना एकच पट्टी असते. ही युक्ती कुणाची, असं सरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या रंगखात्यातली...

परवा गावच्या गाडीने आत्याने पिशवीभर शिनाणे पाठवले. आईने धुवायला घेतले तेव्हा बाबांनी त्यातला एक उचलला आणि गॅलरीत गेले. उजेडात धरून त्याची हिरवी कड कितीतरी वेळ बघत राहिले.

"ह्यो हिरवो आमका कधी जमलो नाय," म्हणाले.

या वेळी मी हसले नाही. त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि ते बघत होते तिकडे बघायला लागले.